बनी कापूस, ज्वारी आणि भाव

पुण्या-मुंबईकडची आपली मंडळी फोनवर हमखास विचारतात, "तिकडचे कास्तकार पुन्हा सेंद्रिय शेतीकडे का वळत नाहीत?" प्रश्न चांगल्या मनानेच विचारलेला असतो. पण जुनी शेती शेतकऱ्याने अडाणीपणामुळे सोडली, असे त्यात गृहीत धरलेले असते. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. इतिहास काही निराळेच सांगतो.

आमच्या उमरेडहून हिंगणघाट फार लांब नाही. तिथला 'बनी' नावाचा देशी कापूस एकेकाळी चांगल्या, लांब धाग्यासाठी नावाजलेला होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. शाळेच्या पुस्तकात हे युद्ध म्हणजे लिंकन आणि गुलामगिरी. पण त्याचा एक धागा आमच्या वावरापर्यंत आला होता. इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळला. तरी १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि कापूस परदेशी जाण्याची वाट पक्की झाली.

मग बनीचे काय झाले? आखूड धाग्याच्या जाड कापसातून रुई जास्त पडायची. व्यापारी दोन्ही कापूस मिसळून टाकत, त्यामुळे बनीला चांगुलपणाचा वेगळा भाव मिळेना. इंग्रज सरकारने बनी टिकवायची खटपट केली. पण कास्तकाराने हिशेब केला आणि हळूहळू बनी मागे पडला. यात अडाणीपणा कुठे आला? बाजाराने जे मागितले ते त्याने पेरले.

ज्वारीचीही हीच गोष्ट. कापूस, ज्वारी आणि मधे तुरीच्या ओळी ही जुनी रीत. ज्वारी घरात खायला, कडबा बैलाला, बैलाचे शेण वावराला आणि तुरीच्या मुळ्यांनी जमिनीचा कस राखायचा. विकत फारसे काही आणावे लागत नसे. (दुष्काळ आणि सावकार तेव्हाही होतेच, जुने सगळे गोड होते असे नाही.) पण ज्वारीला भाव नाही, म्हणून ज्वारी गेली. नव्वदच्या दशकात आमच्या भागात सोयाबीन पसरले. कडबा गेला, जनावरे कमी झाली, शेणखत संपले. मग खताचे पोते आले. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. ते संकरित बियाणे, म्हणून दरवर्षी नवे पाकीट. पहिली काही वर्षे बोंडअळीपासून सुटका झाली, पण २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात पुन्हा हाहाकार माजवला. खर्च वाढला तो वाढलाच.

सांगायचे एवढेच की जमिनीचा कस आणि कास्तकाराचा खिसा हे दोन वेगळे विषय नाहीत. जी शेती जमीन राखते, तिच्या मालाला भाव मिळाला नाही, तर ती उपदेशाने टिकत नाही. बनी टिकला नाही.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, ज्वारीचे खूप गोडवे गायले गेले. छान झाले. पण गोडव्यांनी उधारी फिटत नाही. असो. पुढच्या वेळी ज्वारी घेताना दोन पैसे जास्त पडले तर घासाघीस करू नका, एवढे आमच्या नातलगांना सांगणे. बाकी तुम्हाला काय वाटते ते जरूर कळवा.