दुरुस्तीचे तास : विश्रांति कीं चाकरी ?

मालमोटार रस्त्यांत बंद पडली म्हणजे मालकाचें नुकसान होतें, व्यापाऱ्याचा माल अडकतो, हें सर्वांना दिसतें. ड्रायव्हरच्या वेळेचें काय होतें, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. मिस्त्री गाडीखालीं शिरला आहे आणि ड्रायव्हर गॅरेजमधील बाकावर बसून आहे; त्याच्या हातांना काम नाहीं. हे चार तास विश्रांतीचे समजावयाचे कीं चाकरीचे ? प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु ते तास विश्रांतीचे धरले, तर तोच माणूस संध्याकाळीं ताजातवाना समजला जातो आणि रात्रीं उशिरापर्यंत गाडी हाकावयास मोकळा होतो. त्याच्या डोळ्यांवरची झोंप कागदावर कोठेंच उमटत नाहीं. अमेरिकेंत या एका प्रश्नाचा खल शंभरांहून अधिक वर्षें चालला आहे.

त्याचा आरंभ मोटारीपासून झाला नाहीं, आगगाडीपासून झाला. १९०७ च्या मार्च महिन्यांत अमेरिकन काँग्रेसनें रेल्वे-नोकरांच्या कामाचे तास ठरविणारा कायदा केला. गाडी चालविण्याशीं संबंध असलेल्या नोकराला सलग १६ तासांपेक्षां अधिक काळ कामावर ठेवूं नये, हा त्याचा मुख्य दंडक होता. कायदा होतांच पळवाटा निघूं लागल्या. मिसुरी, कॅन्सस अँड टेक्सस या रेल्वे कंपनीचा खटला १९१३ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आला. एका गाडीचें एंजिन पाण्यासाठीं व दुरुस्तीसाठीं दूर पाठविण्यांत आलें होतें. तोंवर गाडीवरचे नोकर कांहीं न करतां बसून राहिले होते. तेवढा वेळ वजा केला तर सोळा तासांची मर्यादा मोडत नाहीं, असें कंपनीचें म्हणणें होतें. न्यायमूर्ति ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनीं तें अमान्य केलें. माणसांचे हात रिकामे होते, तरी तीं कामावरच होतीं. थांबून वाट पाहणें हेंच त्या वेळीं त्यांचें कर्तव्य होतें, असा त्यांच्या निकालाचा आशय आहे. कामाची खूण हातांच्या हालचालींत शोधावयाची नाहीं, तो वेळ कोणाच्या स्वाधीन आहे तें पाहावयाचें, हें तत्त्व येथें स्थापन झालें.

पुढें मालमोटारी वाढल्या आणि तोच प्रश्न सडकेवर आला. १९३५ च्या मोटार वाहतुकीच्या कायद्यानें ड्रायव्हरांचे तास ठरविण्याचा अधिकार इंटरस्टेट कॉमर्स कमिशन या केंद्रीय मंडळाला मिळाला. मंडळानें १९३७ च्या अखेरीस पहिले नियम जाहीर केले. परंतु ते फार सैल आहेत, अशी कामगार-संघांची तक्रार झाली आणि पुढच्याच वर्षीं ते आवळावे लागले. दिवसाकांठीं १० तास गाडी हाकणें, ८ तास विश्रांति, आणि सात दिवसांत एकंदर ६० तास काम, असें स्थूलमानानें त्यांचें स्वरूप झालें. ड्रायव्हरनें आपल्या तासांची रोजची नोंद ठेवावयाची, हीहि पद्धति त्याबरोबर रूढ झाली.

या नोंदपत्रकाचा सांचा पुढें कायम झाला, त्यांत चार रेषा असतात : सुटी, गाडींतील बिछान्यावर निद्रा, गाडी हाकणें, आणि न हाकतां कामावर असणें. दुरुस्तीचा वेळ कोणत्या रेषेवर मांडावयाचा, याचें उत्तर नियमांनींच दिलें आहे. नादुरुस्त गाडी स्वतः दुरुस्त करणें, तिच्यासाठीं मदत मिळविणें, किंवा तिच्यापाशीं हजर राहणें, हा सर्व वेळ चौथ्या रेषेवरचा, म्हणजे कामाचा. मात्र मालकानें ड्रायव्हरला गाडीच्या जबाबदारींतून खरोखर मोकळें केलें आणि तो मनास येईल तेथें जाण्यास स्वतंत्र झाला, तर तो वेळ सुटीचा. गाडी तीच, मिस्त्री तोच, विलंबहि तोच. परंतु पाना हातीं घेतलेल्या किंवा गाडीची राखण करणाऱ्या माणसाचा तास एका रेषेवर पडतो आणि मोकळा होऊन खाणावळींत जेवणाऱ्या माणसाचा दुसऱ्या रेषेवर. होम्स यांचें तत्त्वच येथें नोंदवहींत उतरलें आहे.

तत्त्व सरळ असतांहि व्यवहार वांकडा झाला, त्याचें कारण पैशांत आहे. लांब पल्ल्याच्या अनेक ड्रायव्हरांना मजुरी मैलांवर मिळते. उभ्या गाडीचे मैल होत नाहींत. १९३८ च्या वेतन-कायद्यानें जादा तासांच्या जादा मजुरींतूनहि अशा ड्रायव्हरांना वगळलें. त्यांचे तास दुसऱ्या मंडळाच्या ताब्यांत आहेत, हें त्याचें कारण. तेव्हां गॅरेजमधील चार तास खरेपणानें कामाचे म्हणून लिहिले, तर ड्रायव्हरचें दुहेरी नुकसान : त्या तासांचे पैसे नाहींत आणि आठवड्याच्या हिशेबांतून ते मात्र वजा. सुटीची रेषा ओढण्याचा मोह कोठून येतो, हें येथें कळतें. खोटी रेषा ओढणें हा अपराध खराच; परंतु ती ओढण्याची गरज मजुरीच्या पद्धतींतून उत्पन्न होते, हेंहि विसरतां येत नाहीं.

२००४ च्या जानेवारींत अंमलांत आलेल्या नियमांनीं या पेंचाला नवें वळण दिलें. तोंवर कामाचे १५ तास मोजले जात, त्यांत मधली खरी सुटी धरली जात नसे. गाडी गॅरेजांत असतां ड्रायव्हर मोकळा झाला, तर त्याचें घड्याळहि थांबे. नव्या नियमानें कामाला आरंभ झाल्यापासून सलग १४ तासांचीच मुदत दिली. त्यांत हाकण्याचे तास अधिकांत अधिक ११ आणि त्यापूर्वीं सलग १० तासांची विश्रांति. दुपारची लहानशी सुटी आतां मुदत वाढवीत नाहीं. बिछान्यावरील दीर्घ निद्रेसाठीं कांहीं सवलत आहे. परंतु दोन तासांची दुरुस्ती त्या दिवसांतून दोन तास घेऊन जातेच. यांत्रिक बिघाड ही आणीबाणी धरली जात नाहीं.

भारतांत कायद्याची वाट थोडी निराळी होती. १९३९ च्या मोटार कायद्यानें दिवसास ९ व आठवड्यास ५४ तासांची मर्यादा घातली. त्याच वर्षीं जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनें सडक-वाहतुकीविषयीं जो करार संमत केला, त्यांत गाडीची निगा व दुरुस्ती हें कामच मानलें होतें. १९६१ च्या मोटार कामगारांच्या कायद्यांत ही व्याख्या आली, आणि मर्यादा ८ व ४८ तासांवर उतरली. मात्र गाडी मोडली किंवा वाहतूक खोळंबली, तर ही मर्यादा ओलांडण्याची मुभाहि त्याच कायद्यांत होती. म्हणजे दुरुस्तीचा तास कामाचा खरा. पण त्या दिवशीं मर्यादाच सैल!

२०१७ च्या डिसेंबरपासून अमेरिकेंत बहुतेक मालमोटारींवर विजेचें नोंदयंत्र सक्तीचें झालें. चाक फिरूं लागलें कीं तें आपोआप टिपतें. मिस्त्रीनें चांचणीसाठीं गाडी बाहेर काढली, तरी तो प्रवास यंत्रांत बेवारशी उमटतो आणि तो आपला नव्हे, हें ड्रायव्हरला सांगावें लागतें. परंतु बाकावर बसलेला माणूस मोकळा आहे कीं बांधलेला, हें त्या यंत्राला समजत नाहीं. ती रेषा अद्याप माणसालाच निवडावी लागते. होम्स यांच्यापुढें आलेला प्रश्न शेवटीं त्याच्याच बोटाशीं येऊन थांबतो. त्या बोटानें खरें लिहावें असें वाटत असेल, तर थांबण्याच्या तासाला कामाचें नांव देऊन भागणार नाहीं. कामाचें मोलहि द्यावें लागेल.