लेकरू की राखणदार?

भगिनींनो, आमच्या मोतीला मी 'बाळ' म्हणते, म्हणून मंडळात मला पुष्कळ चिडवतात. मला मूलबाळ नाही, त्यामुळे ते बोलणे जिव्हारी लागते. पण मागे सातार्‍याजवळ संगम माहुलीस जाण्याचा योग आला आणि मी विचारात पडले.

तेथे कृष्णा-वेण्णेच्या संगमावर छत्रपती थोरल्या शाहू महाराजांची समाधी आहे. जवळच त्यांच्या खंड्या कुत्र्याचीही आहे. शिकारीत वाघ चालून आला तेव्हा खंड्याने भुंकून महाराजांना सावध केले, असे सांगतात. महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असेही म्हणतात.

महाराजांच्या मागे पुत्र नव्हता. १७४९ साली ते निवर्तले आणि त्यांच्या मागून दत्तक रामराजे गादीवर आले. म्हणजे वारस तो वारस. खंड्याला मान मिळाला तो लेकरू म्हणून नव्हे, इमानाने राखण केली म्हणून.

मला हे पटले. लेकरू मोठे होऊन आपल्या पायांवर उभे राहते. कुत्रे जन्मभर आपल्या भाकरीवर असते आणि दहा-बारा वर्षांत आपल्या डोळ्यांदेखत जाते. त्याला झबले नको, पेढा नको. वेळेवर भाकरी, पाणी, फिरणे आणि पिसाळू नये म्हणून लस, एवढे आपण त्याचे देणे लागतो.

ते मी चुकवीत नाही. हाक मात्र अजून 'बाळ' अशीच तोंडातून निघते. तेवढे भगिनींनी चालवून घ्यावे.