एका माणसाचा वाद्यवृंद

गवयाचें चरित्र सांगतांना त्याचा गुरु कोण व घराणें कोणतें हें प्रथम विचारण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु कांहीं गायकांचें घराणें म्हणजे शाळूसोबत्यांचा एक लहानसा ताफाच असतो. गोव्याचे रेमो फर्नांडिस हे अशांपैकीं एक होत.

त्यांचा जन्म ८ मे १९५३ रोजीं पणजीस झाला. गोवा तेव्हां पोर्तुगीजांच्या अमलाखालीं होता. डिसेंबर १९६१ मध्यें तो मुक्त झाला, त्या वेळीं रेमो आठ वर्षांचे होते. घरचें मांडो व पोर्तुगीज गाणें आणि बाहेरून येणारें इंग्रजी रॉक संगीत, हे दोन्ही प्रवाह त्यांच्या कानीं पडले. शाळेंत असतांना मित्रांसह त्यांनीं ‘द बीट फोर’ हा बँड काढला. पुढें वास्तुशास्त्र शिकण्यास ते मुंबईस आले व ‘द सॅव्हेजेस’ या नामांकित बँडमध्यें गिटार वाजवूं लागले. त्यानंतर युरोप व उत्तर आफ्रिका हिंडून ते गोव्यास परतले.

खरा पेंच येथेंच पडला. त्या काळच्या बहुतेक बँडांची कीर्ति परदेशी गाणीं हुबेहूब वठविण्यावर अवलंबून असे. रेमोंना मात्र स्वतःचीं गाणीं म्हणावयाचीं होतीं. भाषा इंग्रजी, पण विषय गोव्याचा. असलीं गाणीं काढण्यास ध्वनिमुद्रिका-कंपन्या राजी नव्हत्या. एक तर अनुकरण करावें, नाहीं तर गप्प बसावें, असे दोनच मार्ग दिसत होते.

रेमोंनीं तिसरा मार्ग काढला. चार पट्ट्यांच्या ध्वनिमुद्रण-यंत्रावर एकामागून एक वाद्य स्वतंत्र नोंदवितां येतें व शेवटीं सर्व एकत्र ऐकूं येतात. म्हणजे एकटा माणूसच संबंध बँड होऊं शकतो! शिवोलीच्या घरीं बसून त्यांनीं स्वतः रचलें, गाइलें, वाजविलें. वेष्टनाचें चित्रही स्वतःच काढलें. १९८४ सालीं ‘गोवन क्रेझी’ सिद्ध झाली. कॅसेटी स्कूटरवर घालून ते दुकानोदुकानीं पोंचवीत.

१९८६ सालीं मादक पदार्थांविरुद्ध ‘पॅक दॅट स्मॅक’ आली. १९८७ सालीं ‘बॉम्बे सिटी’ व ‘जलवा’ या चित्रपटांतील गाण्यानें त्यांचें नांव देशभर झालें. १९९५ च्या ‘बॉम्बे’ चित्रपटांतील ‘हम्मा हम्मा’ तर घरोघरीं पोंचलें. २००७ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली.

नाशिककरांस यांत एक ओळखीची गोष्ट आढळेल. सिन्नर तालुक्यांतील देशवंडी गावीं १९२२ सालीं जन्मलेले वामनदादा कर्डक यांनींही आपलीं गाणीं गांवोगांव हिंडून स्वतःच लोकांपुढें नेलीं. दोघांचें संगीत निराळें, प्रयोजनही निराळें. परंतु कोणी दार उघडील म्हणून दोघेही उंबरठ्यावर तिष्ठत बसले नाहींत.