आणेवारी : एका शब्दाचा दुष्काळी इतिहास

दुष्काळाचा इतिहास आपण बहुधा पावसाच्या इंचांतून आणि मृतांच्या संख्येतून वाचतो. या दोहोंच्या मध्ये उभे असलेले पीक मात्र महसुली दप्तरातील एका कोरड्या शब्दात बंदिस्त झाले आहे. तो शब्द म्हणजे आणेवारी.

सोलापूर-मंगळवेढ्याकडील रब्बी ज्वारीचे उदाहरण घेऊ. उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेरणी होते. पुढे हे पीक प्रामुख्याने काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर वाढते. हस्त कोरडा गेला आणि ऊन तापत राहिले की जमिनीला भेगा पडतात व ओल वेळेआधीच सरते. पोटरीत आलेले पीक मग नीट निसवत नाही. निसवले तरी फुलोऱ्यात ताण बसून दाणे कमी धरतात आणि धरलेला दाणा पोचट राहतो. म्हणजे पाऊस किती पडला याइतकेच महत्त्व तो केव्हा थांबला यालाही असते. १८७६ साली दख्खनमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस हुकला आणि रब्बीचा आधारच तुटला. १८७७ मध्ये जोतीराव फुले व सत्यशोधक समाज यांनी धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र चालवले.

पिकाच्या हानीचे माप रुपयाच्या आण्यांत होई. शेतसाऱ्याची सवलत त्यावर अवलंबून असल्याने आणेवारी हा निव्वळ अंदाज नव्हता, तो निवाडा होता. १९१८ च्या खेडा सत्याग्रहात नुकसान अतिवृष्टीचे होते, परंतु वाद याच मापाचा होता : पीक चार आण्यांहून कमी आहे, असे शेतकरी म्हणत, सरकारी आकडा त्याहून वर होता. दशमान नाणी आल्यावर आणेवारीची 'पैसेवारी' झाली आणि पन्नास पैसे ही टंचाईची सीमा ठरली. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ व्यवस्थापन संहितेने जमिनीतील ओलावा आणि उपग्रहाने टिपलेली पिकांची स्थिती हेही निकष मानले. ओल अखेर दप्तरात आली, पण फार उशिरा.

तरीही आणेवारीच्या आकड्यावरून पीक किती गेले एवढेच कळते. ते पोटरीत गेले की दाणा भरताना, हे कळत नाही. हा भेद शेतकऱ्याच्या बोलीने जपला आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) दुष्काळाने वाडी ओस पडते, ती कोणत्याही टक्केवारीवाचून. म्हणूनच ग्रामीण साहित्य शिकताना व शिकवताना पोटरी, निसवणे, पोचट हे शब्द केवळ स्थानिक रंग समजून शब्दार्थांच्या यादीत ढकलू नयेत. आणेवारीने जे वगळले, त्याची नोंद या शब्दांत आहे.