विषाणुजन्य यकृतशोथ : प्रतिबंध व लोकजागृती (पुणे शहर)

विषाणूंच्या संसर्गाने यकृताला येणाऱ्या सुजेस विषाणुजन्य यकृतशोथ म्हणतात. लोकव्यवहारात त्याला सरसकट कावीळ म्हटले जाते. वस्तुतः कावीळ हे रक्तात बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य वाढल्याचे लक्षण असून ते पित्तखड्यांसारख्या अन्य कारणांनीही दिसते, आणि यकृतशोथाचे कित्येक रुग्ण डोळे पिवळे न होताच वर्षानुवर्षे आजार बाळगून असतात. याचे प्रमुख विषाणू पाच. ए व ई हे मलदूषित पाण्यातून व अन्नातून, तर बी, सी व डी हे रक्तातून व शरीरस्रावांतून पसरतात. डीचा संसर्ग बी असल्याशिवाय होत नाही. पुण्यातील जागृतीचा भर मुख्यत्वे पहिल्या गटावर राहिला आहे.

जलजन्य काविळीच्या अभ्यासात पुण्याचे स्थान मोठे आहे. येथे १९५२ साली रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या सहकार्याने स्थापन झालेले विषाणू संशोधन केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली, तेव्हा ती एची साथ मानली गेली होती. जतन केलेल्या सीरमच्या (गोठलेल्या रक्तातून वेगळ्या होणाऱ्या द्रवाच्या) तपासणीवरून ती निराळ्याच विषाणूची ठरली व त्यास पुढे ई हे नाव मिळाले. पुण्याच्या संस्थेत विद्या अरणकल्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील अनेक साथींचा माग काढून बहुतेकींमागे ई विषाणूच असल्याचे दाखवले. इचलकरंजीची २०१२ मधील साथ याच विषाणूची होती. गर्भारपणाच्या अखेरच्या तिमाहीत त्याने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण २० टक्क्यांच्या घरात जाते.

शहराला मुख्यतः खडकवासला धरणसाखळीचे पाणी शुद्ध करून मिळते, परंतु जलकेंद्रातून शुद्ध निघालेले पाणी नळापर्यंत तसेच राहील याची शाश्वती नसते. पुरवठा ठरावीक वेळीच होत असल्याने पाणी बंद असताना नळातील दाब उतरतो आणि शेजारच्या गटाराचे पाणी फुटक्या जोडांतून आत ओढले जाते. २०१७ व २०२१ मध्ये महापालिका हद्दीत आलेल्या गावांतील विहिरी व टँकर यांचा प्रश्न त्याहून वेगळा व अधिक अवघड आहे. पाणी उकळणे हा घरगुती उपायांत सर्वांत खात्रीचा. मेडिक्लोर या क्लोरीनयुक्त द्रावणाचे थेंब उपयुक्त असले तरी एचा विषाणू क्लोरीनला सहजासहजी दाद देत नाही. ज्ञानेश्वर व तुकाराम महाराजांच्या पालख्या भवानी व नाना पेठांत मुक्कामी असतात, तेव्हा पाण्याच्या निर्जंतुकीकरणाकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

उन्हाळ्यातील आरोग्यसूचनांत मात्र एक विसंगती राहून जाते. उष्माघात टाळण्यासाठी टोपी घाला, दुपारचे ऊन टाळा व भरपूर पाणी प्या असे सांगितले जाते, पण ते पाणी कोणते हे क्वचितच सांगितले जाते, आणि तहानलेला माणूस रसवंतीकडे किंवा बर्फाच्या गोळ्याकडे वळतो. अखाद्य बर्फ ओळखता यावा म्हणून त्यात निळा रंग मिसळण्याचा दंडक राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये घातला.

काविळीची माळ हा रूढ उपचार जागृतीच्या आड येतो. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याने बांधून केलेली ही माळ डोक्यावर ठेवतात. काड्या सुकून आकसल्या की गाठी सैल होतात, माळ लांबत जाऊन खाली उतरते व तिच्याबरोबर कावीळ उतरली असे मानले जाते. ए व ईचे बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होत असल्याने माळेला श्रेय फुकट मिळते. मात्र आजार तीव्र असेल, तर यात गेलेले दिवस महागात पडतात.

बी व सी यांच्या बाबतीत आपोआप बरे होण्याची अशी खात्री नसते. जन्मावेळी बीची लागण झालेल्या बालकांपैकी सुमारे ९० टक्क्यांमध्ये ती चिरकालीन होते. म्हणून बीच्या लशीची पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांत देतात व पुढील मात्रा सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत पंचगुणी लशीतून दिल्या जातात. हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट ही लस बनवते. वाळलेल्या रक्तातही बी किमान सात दिवस तग धरत असल्याने न्हाव्याचे पाते, गोंदणाची सुई व परस्परांचे दाढीचे साहित्य ही सारी धोक्याची ठरतात. सीवर लस नाही, परंतु सामान्यतः १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. २८ जुलै २०१८ रोजी, बीच्या शोधाबद्दल नोबेल मिळवणाऱ्या बरूक ब्लूमबर्ग यांच्या जन्मदिनी पाळल्या जाणाऱ्या जागतिक यकृतशोथ दिनी, सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत. तरीही लक्षणे नसल्याने तपासणीस सहसा कोणी जात नाही, आणि गणेश मंडळाच्या शिबिरात दिलेल्या रक्ताची सक्तीची चाचणी हीच अनेकांच्या बाबतीत पहिली तपासणी ठरते.