मलबार हिलवरची ती संध्याकाळ

भगिनींनो, रस्त्यात मारामारी दिसली की आपण पदर सावरून पाऊल उचलतो. "आपल्याला काय करायचंय? उगाच कोर्टकचेरीचं झेंगट!" असे आपणच आपल्याला समजावतो. या वृत्तीला उत्तर म्हणून शंभर वर्षांपूर्वीची एक हकीकत सांगावीशी वाटते.

ही हकीकत मुंबईची, पण ती मुंबई आपल्याला परकी नव्हे. त्या काळी मालवण-वेंगुर्ल्याहून आगबोटीने चाकरीला गेलेला माणूस नाही, असे घर आपल्याकडे विरळाच.

दिवस होता 12 जानेवारी 1925. तिन्हीसांज उलटली होती. अब्दुल कादर बावला नावाचा तरुण धनिक व्यापारी मुमताज बेगम हिच्यासह मलबार हिलवर मोटारीतून फिरायला निघाला होता. एवढ्यात मागून दुसरी मोटार आली व तिने त्यांची वाट अडवली. काही इसम उतरले. बावलावर गोळ्या झाडल्या गेल्या. मुमताजच्या चेहऱ्यावर चाकूचे वार झाले. तिला ओढून नेण्याचा त्यांचा बेत उघड दिसत होता.

योगायोगाने त्याच वेळी गोल्फ खेळून परतणारे काही गोरे लष्करी अधिकारी तेथून चालले होते. ते पोलीस नव्हते, की त्यांची ती कामगिरी नव्हती. तरी त्यांनी मोटार थांबवली. सेगर्ट नावाचा लेफ्टनंट हातातली गोल्फची काठी घेऊन पिस्तुलासमोर गेला. तो गोळीने जखमी झाला. पण मुमताज वाचली आणि हल्लेखोरांपैकी काही जागीच पकडले गेले. बावला मात्र वाचला नाही.

आता कोडे पुढेच होते. दागदागिने सोडून बाईलाच न्यायला हे लोक का आले होते? हा धागा पोलिसांना इंदूरपर्यंत घेऊन गेला. मुमताज पूर्वी इंदूरच्या दरबारात नर्तकी होती. महाराज तुकोजीराव होळकर यांच्या पदरी राहणे तिला नको झाले होते. मसुरीच्या प्रवासात ती दिल्लीला उतरली, ती परत गेलीच नाही. पकडलेल्या माणसांचे लागेबांधे त्याच दरबाराशी निघाले.

पण केवळ संशयावर खटला उभा राहत नाही. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रंप यांच्यापुढे खटला चालला. आरोपींच्या बाजूला नामांकित वकील होते. त्यांत बॅरिस्टर जीना हेही होते. अशा कोर्टात ही तरुण बाई चेहऱ्यावरचे व्रण घेऊन उभी राहिली व आपल्यावर काय गुदरले ते तिने सांगितले. नाचणारी म्हणून जिला समाज उंबऱ्याबाहेर ठेवी, तिचाच शब्द खटल्याचा मोठा आधार झाला. तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली, इतर काहींना जन्मठेप. महाराजांवर खटला झाला नाही, त्यामुळे त्यांचा दोष सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. मात्र चौकशीला सामोरे जाण्याऐवजी 1926 च्या फेब्रुवारीत त्यांनी गादी सोडली व पुत्र यशवंतराव गादीवर आले.

या हकीकतीत दोन तऱ्हेची मदत दिसते. पहिली, थांबणाऱ्याची; ती क्षणाची होती. दुसरी, बोलणाऱ्याची. तिला महिनेच्या महिने धीर धरावा लागतो, आणि म्हणून तीच अवघड असे आम्हांस वाटते. काठी उगारणारे हात नसते तर मुमताज वाचली नसती. आणि मुमताज गप्प राहिली असती तर त्या हातांचे श्रम बरेचसे वाया गेले असते.

आपल्याला कायद्याचा आधारही आहे. 1872 च्या पुराव्याच्या कायद्याने एखादी गोष्ट शाबीत करण्यास साक्षीदारांची ठराविक संख्या लागत नाही असे ठरवले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानेही तेच तत्त्व राखले. म्हणजे विश्वासार्ह असेल तर एका बाईचा शब्दही पुरतो. शिवाय तपासात साक्षीदार म्हणून विचारपूस करण्यासाठी पोलीस स्त्रीला ठाण्यावर यायला भाग पाडू शकत नाहीत. त्यांनी तिच्या घरी यावे लागते. हे किती जणींना ठाऊक आहे?

आपल्या ओरोसला तर जिल्हा न्यायालय गावातच आहे. त्याच्या पायऱ्या आरोपींसाठीच असतात, ही समजूत सोडू या. उद्या एखादी शेजारीण साक्षीला निघाली, तर तिला "कशाला जातेस?" असे न विचारता, "चल बाय, मी येतंय तुझ्यावांगडा" असे म्हणणारी एक तरी बाई आपल्या मंडळात असावी. वाढदिवसानिमित्त एवढीच इच्छा.