इंग्रजी यमकाचा शोध आणि हैदराबादचा बाजार

मराठी कवीस यमकाची वाण सहसा पडत नाही. आपल्या वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते आणि ‘करितो’ या शब्दास ‘धरितो’, ‘हरितो’ असे सोबती प्रत्ययामुळेच लाभतात. इंग्रजीत ही सोय फारशी उरलेली नाही. तिचे बहुतेक प्रत्यय काळाच्या ओघात झिजले, आणि लेखन व उच्चार यांचीही फारकत झाली. ओ, यू, जी, एच या चार अक्षरांनी संपणारे ‘कॉफ’, ‘रफ’, ‘दो’, ‘बाउ’ हे शब्द पाहावेत. डोळ्यांना ते सारखे दिसतात, पण एकाचेही दुसऱ्याशी यमक जुळत नाही. उलट ‘हाय’ आणि ‘स्काय’ यांची अखेरची अक्षरे भिन्न असूनही यमक निर्दोष आहे. इंग्रजी यमकाचा निवाडा कानच करतो. खुद्द इंग्रजांनाही यासाठी साहाय्य लागले. पीटर लेव्हिन्स याने १५७० मध्ये आणि जॉन वॉकर याने १७७५ मध्ये शब्दांच्या शेवटावरून रचलेले कोश प्रसिद्ध केले.

असा कान आपल्या हैदराबादेत जन्मलेल्या एका मुलीने कसा कमावला, हा इतिहास उद्बोधक आहे. सरोजिनी नायडू यांचा जन्म १३ फेब्रुवारी १८७९ रोजी येथे झाला. वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय हे शिक्षणतज्ज्ञ होते. आई वरदासुंदरी बंगालीत गीते रचीत, मात्र मुलीशी हिंदुस्थानीत बोलत. लहानग्या सरोजिनीने इंग्रजी बोलण्याचे नाकारले, तेव्हा नवव्या वर्षी वडिलांनी तिला दिवसभर एका खोलीत कोंडले. पुढे अकराव्या वर्षी बीजगणिताचे एक उदाहरण सुटेना, आणि उत्तराऐवजी कविताच सुचली. या दोन्ही आठवणी त्यांनी स्वतःच सांगितलेल्या आहेत. बंगाली, हिंदुस्थानी व उर्दूच्या नादात वाढलेल्या कानाने इंग्रजीचा नाद आत्मसात केला.

परंतु यमक साधले म्हणजे कविता साधली असे होत नाही. यमकाचा एक छुपा धोका असतो. प्रेमवाचक ‘लव्ह’ या शब्दास इंग्रजीत ‘डव्ह’, ‘ग्लव्ह’, ‘अबव्ह’ असे मोजकेच जोडीदार आहेत. त्यामुळे कवीच्या मनात नसतानाही प्रेमामागोमाग पारवा कवितेत शिरतो. परक्या भाषेचे यमक असे परक्या देशाचे पक्षी, ऋतू आणि भावना बरोबर घेऊन येते.

१८९५ मध्ये सरोजिनी इंग्लंडला गेल्या. तेथे समीक्षक एडमंड गॉस यांना त्यांनी आपल्या कविता दाखविल्या. रचना कुशल होती, व्याकरण शुद्ध होते. तरी गॉस निराश झाले, कारण त्यांत टेनिसन व शेले यांचेच प्रतिध्वनी होते. रॉबिन आणि चंडोल यांना निरोप देऊन आपल्या देशाकडे पाहावे, असा सल्ला त्यांनी दिला.

हा सल्ला फळास आला. ‘द गोल्डन थ्रेशोल्ड’ हा संग्रह १९०५ मध्ये निघाला आणि ‘द बर्ड ऑफ टाइम’ १९१२ मध्ये. या दुसऱ्या संग्रहात हैदराबादच्या बाजारावरील प्रसिद्ध कविता आहे. तिच्या आरंभीच ‘ब्रोकेड’ आणि ‘जेड’ यांचे यमक येते. म्हणजे येथील व्यापाऱ्याचा किनखाब आणि खंजिराच्या मुठीचा हिरवा दगड. यमक इंग्रजीच आहे, परंतु त्याने जोडलेल्या वस्तू आपल्या गल्लीतील आहेत.

स्वातंत्र्योत्तर काळात इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय कवींच्या नव्या पिढीस ही रचना अतिमधुर वाटली. त्या आक्षेपात तथ्य आहे. मधाळ नादापायी बाजारातील घाम व घासाघीस कवितेबाहेर राहिली. तथापि उसन्या चंडोलापासून घरच्या किनखाबापर्यंतचा प्रवास लहान नव्हता.

नामपल्लीतील त्यांच्या ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ या घरातच १९७४ मध्ये हैदराबाद विद्यापीठाचा प्रारंभ झाला. विद्यार्थी मित्रहो, त्या वास्तूवरून जाताना एवढे स्मरावे: परभाषेचा नाद अवश्य शिकावा, पण त्या नादात काय गुंफायचे ते आपल्या डोळ्यांनी पाहिलेले असावे.